‘क’, ‘र’, ‘ळ’ आणि ‘ण’ : पाच वर्षांच्या मुलीला हे उच्चार कोणत्या क्रमाने आणि कसे शिकवावेत?

निशिगंध (प्रश्न)

नमस्कार.

माझ्या मुलीला पाच वर्षे पूर्ण झाली असून ती मोठ्या शिशुवर्गात जाते. तिची समज, शब्दसंग्रह आणि वाक्यरचना यांबद्दल आम्हाला कधीच शंका आली नाही. ती मोठमोठ्या गोष्टी रचून सांगते आणि धाकट्या भावाशी तावातावाने भांडतेही. अडचण आहे ती उच्चारांची. ‘क’ आणि ‘ग’ यांच्या जागी ती ‘त’ आणि ‘द’ म्हणते, म्हणजे ‘काका’ हे ‘ताता’ होतात आणि ‘गाय’ ही ‘दाय’ होते. ‘र’ आणि ‘ळ’ या दोहोंचा ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’ होतो. ‘गुळाची पोळी’ तिच्या तोंडून ‘दुलाची पोली’ अशी येते. घरात आम्हा सर्वांना तिचे बोलणे कळते, परंतु शाळेतील बाईंना ते निम्मेअधिक कळत नाही. वर्गातील एका मुलाने तिची नक्कल केल्यापासून तर ती उत्तर येत असूनही गप्प बसते किंवा बोटाने दाखवते. मला खरी काळजी वाटते ती या गप्प बसण्याची.

सल्ले पुष्कळ मिळाले. सासूबाईंच्या मते तिची जीभ जड आहे, त्यामुळे रोज वेखंड उगाळून लावावे. शेजारच्या काकूंनी जीभ खाली चिकटलेली असेल, ती कापून मोकळी करून घ्या, असे सुचवले. तिचे वडीलही सहा वर्षांचे होईपर्यंत बोबडे बोलत होते, त्यामुळे आपोआप सुटेल, असे सासऱ्यांचे म्हणणे आहे. मध्यंतरी आम्ही एका खासगी वर्गातही जाऊन आलो. तिथे तिला फुगे फुगवायला, शिट्ट्या वाजवायला आणि जीभ नाकाला लावायला सांगत असत, आणि ‘र’साठी ‘रॅबिट’, ‘रेड’ अशी इंग्रजी चित्रे दाखवत. काही फरक न जाणवल्याने आम्ही तिथे जाणे थांबवले.

आता यूट्यूबवरील चित्रफिती पाहून मी घरी प्रयत्न करते आहे, पण एकाच वेळी चार उच्चार सुधारायला घेतले की ती कंटाळते आणि मीही चिडते. कोणता उच्चार आधी घ्यावा, तो प्रत्यक्षात कसा शिकवावा, जिभेच्या शस्त्रक्रियेची गरज असते का, आणि दिवसभरात ती चुकीचे बोलेल तेव्हा टोकावे की नाही, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाक्साधना

ताई, नमस्कार. मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे आणि बहुतांशी मराठी बोलणाऱ्या मुलांबरोबरच काम करते. मुलीला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही आपण जे वर्णन केले आहे ते बरेच नेमके असल्यामुळे काही गोष्टी निश्चित सांगता येतील.

सर्वांत आधी श्रवणचाचणी. मुलगी हाक मारली की वळून पाहते, टीव्ही ऐकते, म्हणजे तिला ऐकू येते, असे पालक धरून चालतात. पण वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचते आणि त्यांना आवाज ऐकू येत असला तरी तो बोथट ऐकू येतो. अशा मुलाला ‘क’ आणि ‘त’ यांतला फरक सांगणे म्हणजे पाण्याखाली बुडी मारलेल्या माणसाशी काठावरून बोलण्यासारखे आहे. पाच वर्षांच्या मुलीची साधी श्रवणचाचणी आणि कानाच्या पडद्याची चाचणी सहज होते. ती झाल्याखेरीज उच्चारांवर मेहनत सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे.

जिभेबद्दल आपणच उत्तर देऊन ठेवले आहे. ‘त’, ‘द’, ‘न’ आणि ‘ल’ हे चारही उच्चार जिभेचे टोक वर उचलल्याशिवाय होत नाहीत, आणि आपली मुलगी तर तेच उच्चार जागोजागी वापरते आहे. म्हणजे टोक मोकळे आहे. ‘क’ आणि ‘ग’ तर जिभेच्या मागच्या भागातून होतात. जिभेखालच्या पडद्याचा त्यांच्याशी संबंधच नाही. तेव्हा केवळ या उच्चारांसाठी तिच्या जिभेला कात्री लावण्याचे कारण मला दिसत नाही. वेखंडाने उच्चार सुधारल्याचा कोणताही आधार नाही. जड जीभ हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरतात, पण बहुतेक मुलांची जीभ जड नसते. कोणत्या ध्वनीसाठी ती कुठे टेकवायची, एवढेच त्यांच्या मनात पक्के झालेले नसते. त्याच कारणाने फुगे आणि शिट्ट्या यांचाही उपयोग होत नाही. फुगा फुगवल्याने फुगा फुगवता येतो, ‘क’ म्हणता येत नाही. ‘क’ यायचा तर ‘क’च म्हणावा लागतो. एवढे मात्र पाहा की तिचा आवाज नाकातून येतो का, किंवा पाणी पिताना ते नाकातून बाहेर येते का. तसे असेल तर टाळूची तपासणी करून घ्यावी लागेल आणि मग सगळाच विचार वेगळा होईल.

आता क्रम. माझ्या मते ‘क’ आणि ‘ग’ आधी, आणि बाकीचे सर्व त्यानंतर. मराठीत ‘क’ किती शब्दांत येतो ते पाहा : का, काय, कोण, कुठे, कसे, नको, एक. तिचे बोलणे परक्या माणसाला न समजण्यामागे सर्वांत मोठा वाटा याच ध्वनीचा असणार. शिवाय हा ध्वनी मुलांना साधारणपणे चौथ्या वर्षापूर्वी येऊन गेलेला असतो, त्यामुळे पाच वर्षांनंतर तो आपोआप येईल म्हणून वाट पाहणे बरोबर नाही. ‘र’ची गोष्ट वेगळी आहे. शेरिन मॅक्लिऑड आणि कॅथरिन क्रो यांनी २०१८ साली २७ भाषांतील मुलांच्या व्यंजनांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की पाच वर्षांपर्यंत मुले बहुतेक व्यंजने नीट उच्चारतात, पण जिभेच्या कंपनाने होणारे ध्वनी तुलनेने उशिरा स्थिरावतात. म्हणून ‘र’ शेवटी घेतला तरी चालेल.

‘क’ शिकवण्याची सुरुवात तोंडाने नव्हे, कानाने करावी. अमेरिकेतील वाचाउपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी विसाव्या शतकात जो क्रम मांडला, तो थोड्याफार फरकाने आजही चालतो : आधी ध्वनी ओळखणे, मग तो सुटा म्हणणे, मग अक्षरात, शब्दात, वाक्यात आणि शेवटी गप्पांमध्ये. घरी दोन चित्रे काढा, एक नाकाचे आणि एक आजीच्या मांडीवर बसलेल्या नातीचे. आपण ‘नाक’ किंवा ‘नात’ म्हणायचे आणि तिने चित्र उचलायचे. हे तिला बिनचूक जमू लागले की भूमिका बदलायच्या. आता ती म्हणेल आणि आपण उचलाल. तिला नाक हवे असताना तिने ‘नात’ म्हटले, तर आपण निमूटपणे नातीचेच चित्र उचलायचे. चुकलीस असे म्हणायचे नाही, हसायचे नाही. मूल क्षणभर गोंधळते, आपल्याकडे पाहते आणि पुन्हा म्हणून बघते. आपल्या उच्चारामुळे समोरच्याला दुसराच अर्थ कळला, हे ज्या क्षणी तिच्या लक्षात येते, त्या क्षणापासून खरे शिकणे सुरू होते. ‘हात’ आणि ‘हाक’, ‘शेत’ आणि ‘शेक’, ‘ताप’ आणि ‘काप’, ‘तडा’ आणि ‘कडा’, ‘दाणे’ आणि ‘गाणे’ अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत. ‘र’ आणि ‘ळ’ असलेले शब्द सध्या टाळा, नाहीतर एका शब्दात दोन अडचणी येतील.

तोंडाने ‘क’ काढून घेण्यासाठी एक जुनी आणि खात्रीची युक्ती आहे. मुलीचे हात स्वच्छ धुऊन तिचे स्वतःचे बोट जिभेच्या टोकावर ठेवायला सांगा, टोक खालच्या दातांमागे दाबून धरू द्या, आणि आरशात पाहत तिला ‘त’ म्हणायला सांगा. टोक अडवलेले असल्यामुळे जीभ मागून वर उचलली जाते आणि ‘त’च्या जागी ‘क’सारखा आवाज निघतो. तो पहिल्यांदा ओबडधोबड असेल, तरीही लगेच सांगा की हाच आवाज हवा होता. काही मुलांना पाठीवर झोपवून म्हणायला लावले की अधिक सोपे जाते, कारण जीभ आपल्या वजनानेच मागे सरकते. काहींना गुळणी करताना घशात जिथे खळखळ होते ती जागा दाखवली की उमगते. सुटा ‘क्’ आला की ‘आक्, ओक्, ऊक्’ आणि मग ‘नाक, हाक, बाक’ अशी चढण ठेवा. शब्दाच्या शेवटचा ‘क’ बऱ्याच मुलांना आधी जमतो, सुरुवातीचा नंतर. ज्या शब्दात ‘क’ आणि ‘त’ दोन्ही आहेत, उदाहरणार्थ ‘कात्री’ किंवा ‘ताक’, ते बरेच नंतर घ्यावेत, कारण शेजारचा ‘त’ नव्या ‘क’ला आपल्याकडे ओढतो.

सराव थोडा, पण रोज. एका बैठकीला पाच-सात मिनिटे पुरतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा बसता आले तर उत्तम. या ठरलेल्या वेळेबाहेर तिला टोकू नका. ‘नीट बोल’, ‘परत म्हण’ हे शब्द घरातून काही काळ हद्दपार करा. ती ‘ताता आले’ म्हणाली तर आपण आनंदाने ‘हो, काका आले! काकांनी काय आणले?’ असे म्हणायचे. बरोबर उच्चार तिच्या कानावर दोनदा पडतो आणि बोलण्याचा ओघही तुटत नाही. आपली मुलगी वर्गात गप्प बसू लागली आहे, म्हणून तर हे अधिकच जपायला हवे.

घरी हे सर्व करत असतानाच एकदा तज्ज्ञांकडून पद्धतशीर मूल्यमापन करून घ्या. वाचाउपचारतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असावा लागतो. ही परिषद १९९२च्या कायद्याने स्थापन झालेली आहे, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण विषयातील राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि नायर रुग्णालयातही हा विभाग आहे. मुंबईबाहेर असाल तर जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी.

खारेपाट

मी रायगड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. वरील उत्तर वाचून पुष्कळ शिकायला मिळाले, पण शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण हा धागा अनेक पालक वाचतील.

माझ्या वर्गातील अर्ध्याहून अधिक मुले ‘शाला’, ‘काला’, ‘पानी’ असेच म्हणतात, कारण त्यांच्या घरी आगरी बोलली जाते आणि त्या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ हीच रीत आहे. वऱ्हाडात आणि खानदेशात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. हे वाचादोष नाहीत. ज्या मुलाचे आईवडील, आजीआजोबा आणि सवंगडी सर्वजण ‘पानी’ म्हणतात, त्याने ‘पानी’ म्हणणे म्हणजे त्याने आपली भाषा अचूक ऐकली आणि अचूक उचलली. अशा मुलाला आरशासमोर बसवून जीभ वळवायला लावणे अन्यायाचे आहे. प्रमाणभाषेतील ‘ळ’ त्याला वाचन-लेखनाच्या ओघात, घरच्या बोलीला कमी न लेखता शिकवता येतो आणि तो येतोही. म्हणून निशिगंध ताईंनी आधी हे पाहावे की घरात, विशेषतः मुलगी दिवसभर ज्यांच्याजवळ असते त्यांच्या बोलण्यात, ‘ळ’ आणि ‘ण’ आहेत का. असतील तर तिला ते शिकवणे योग्य. नसतील तर घाई नको. ‘क’चा ‘त’ मात्र मी ऐकलेल्या कोणत्याही मराठी बोलीत होत नाही, त्यामुळे तिथे उपचार हवाच.

दुसरे, शाळेत बाईंना प्रत्यक्ष भेटून सांगा की तिला सर्वांसमोर पुन्हा पुन्हा उच्चार करायला लावू नका. माझ्या वर्गात अशी मुले असतात तेव्हा मी त्यांना पुढच्या रांगेत बसवतो आणि प्रश्न असा विचारतो की उत्तराचा विषय मला आधीच ठाऊक असेल, म्हणजे एखादा शब्द अस्पष्ट आला तरी मला तो समजतो आणि मुलाला ‘काय म्हणालास?’ हे ऐकावे लागत नाही. नक्कल करणाऱ्या मुलाशी मी एकट्याशी बोलतो. वर्गासमोर त्याला रागावले तर सगळ्यांचे लक्ष पुन्हा त्याच उच्चाराकडे जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणीला येतात, आणि ऐकण्याच्या व बोलण्याच्या अडचणी त्यांच्या यादीत आहेत. पथक आले की उंची-वजनाच्या गडबडीत हा विषय राहून जातो, तेव्हा शिक्षकांनी आणि पालकांनी तो आपणहून काढावा.

निशिगंध

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. श्रवणचाचणी करून आलो. दोन्ही कान व्यवस्थित आहेत. डॉक्टरांनी टाळूही पाहिला, तिथे काही दोष नाही. आमच्या घरात सर्वांच्या बोलण्यात ‘ळ’ आणि ‘ण’ स्पष्ट आहेत, त्यामुळे तिने ते ऐकलेले नाहीत असे म्हणता येणार नाही.

‘नाक’ आणि ‘नात’ यांचा खेळ तिला फार आवडला. ओळखण्यात ती आता चुकत नाही. बोट ठेवून ‘क’ म्हणताना पहिल्यांदा आवाज निघाला तेव्हा तिचे डोळे एकदम मोठे झाले आणि ती स्वयंपाकघरात धावत जाऊन आजीला ‘क्, क्’ करून दाखवून आली. बोट काढले की मात्र पुन्हा ‘त’ येतो.

सासूबाईंना यात मदत करायची फार इच्छा आहे. त्या रोज दिवेलागणीला तिच्याकडून श्लोक म्हणवून घेतात. पाठांतराने जिभेला वळण लागते, अशी त्यांची श्रद्धा आहे. ते चालू ठेवावे का? आणि ‘ळ’ व ‘ण’ कसे शिकवायचे, तेही कोणी सांगितले तर बरे होईल, कारण यूट्यूबवर त्यांच्याविषयी मला जवळजवळ काहीच सापडले नाही. ‘र’च्या चित्रफिती मात्र खूप आहेत.

वैखरी

मीही याच क्षेत्रात, कोल्हापूरकडे काम करते. वाक्साधना यांच्या बहुतेक सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. फक्त ‘क’ पूर्ण झाल्यावरच पुढे जावे, या क्रमाबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. बार्बरा हॉडसन आणि इलेन पेडन यांनी मांडलेल्या चक्रपद्धतीत एक ध्वनी काही काळ घेतात, तो पक्का झालेला नसला तरी दुसऱ्याकडे जातात आणि फिरून पुन्हा पहिल्याकडे येतात, कारण मुले एरवीही सगळे ध्वनी थोडेथोडे करूनच शिकतात. ज्या मुलीच्या बोलण्यात चार-पाच ध्वनी एकदम बदललेले आहेत, तिच्यासाठी ही पद्धत मला अधिक मानवते. एकाच बैठकीत मात्र दोन ध्वनी घेऊ नयेत.

‘ण’ची गंमत अशी की तो तिला बहुधा येतच असेल. तिला ‘भेंडी’, ‘थंड’, ‘घंटा’, ‘अंडे’ हे शब्द म्हणायला सांगा. ‘ड’ आणि ‘ट’ स्पष्ट येत असतील, तर त्यांच्या आधीचा अनुस्वार हा ‘ण’च असतो, जीभ ‘ड’साठी जिथे जायची तिथे आधीच पोहोचलेली असते आणि आवाज नाकातून येत असतो. आता ‘भेंडी’ सावकाश म्हणताना ‘भेण्’पाशी थांबायला शिकवा, जीभ तिथेच टाळूला चिकटवून ठेवायची आणि गुणगुणायचे. मग ‘भेण्… आ’ असे जोडायचे की ‘णा’ तयार होतो. पुढे ‘खण’, ‘सण’, ‘दाणा’, ‘वेणी’. ‘ण’ने सुरू होणारे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात नाहीतच, ‘ळ’चेही तसेच, म्हणून अक्षरतक्त्यावरच्या ‘ण बाणाचा’ या ओळीतही ‘ण’ शेवटीच येतो. तेव्हा सुटा ‘ण’ किंवा ‘ळ’ म्हणायला लावण्यापेक्षा आधी एक स्वर देऊन ‘अण’, ‘अळ’ असेच म्हणवून घ्यावे. हीच युक्ती ‘ग’लाही लागू पडते : ‘अंग’ म्हणताना अनुस्वार बरोबर आला तर जिभेचा मागचा भाग आधीच वर गेलेला असतो आणि ‘ग’ त्यावरच सुटतो.

‘ळ’साठी दोन गोष्टी एकत्र आणाव्या लागतात. जागा ‘ड’ची आणि हवेची वाट ‘ल’ची, म्हणजे जिभेच्या दोन्ही कडांवरून. तिला आधी लांब ‘ल्ल्ल्’ म्हणायला सांगा आणि आवाज न थांबवता जिभेचे टोक टाळूवरून हळूहळू मागे सरकवायला सांगा. टाळूची कमान जिथे सुरू होते तिथे पोहोचले की आवाजाचा रंग बदलतो. तो बदल मुलांना ऐकू येतो आणि आवडतोही. ती जागा सापडत नसेल तर कणभर मुरंबा तिथे लावून जिभेने तो टिपायला सांगावा. मग तिथून टोक झटकन पुढे टाकायचे, की ‘ळ’ उमटतो. सुरुवातीला ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ यांच्यानंतरचा ‘ळ’ घ्या : बाळ, माळ, पोळी, गूळ. ‘इ’ म्हणताना जीभ पुढे आणि वर ताणलेली असते, तिथून टोक मागे वळवणे अवघड जाते, म्हणून ‘खिळा’, ‘टिळा’ यांसारखे शब्द नंतर घ्यावेत. कानाच्या खेळासाठी ‘गाल’ आणि ‘गाळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’, ‘माल’ आणि ‘माळ’ अशा जोड्या आहेतच.

‘र’च्या चित्रफितींबाबत सावध राहा. त्यातील बहुसंख्य अमेरिकन इंग्रजीसाठी केलेल्या असतात. त्या ‘र’मध्ये जिभेचे टोक टाळूला कुठेही टेकत नाही, जीभ मागे ओढून किंवा गोळा करून धरलेली असते. मराठी ‘र’मध्ये टोक दातांमागच्या उंचवट्यावर एक हलकी, क्षणिक टिचकी मारते. दोन्ही हालचाली इतक्या भिन्न आहेत की इंग्रजी पद्धतीने शिकवलेले मराठी मूल ‘र’च्या जागी भलताच गिळलेला आवाज काढू लागते, आणि तो मोडणे ‘ल’ मोडण्यापेक्षा कठीण असते. आपण तो वर्ग सोडलात ते योग्यच केलेत. वेळ येईल तेव्हा ‘अदा-अदा-अदा’ हे टोक दातांच्या थोडे वर ठेवून, अगदी हलके आणि भरभर म्हणायला लावा. जोर कमी होत गेला की मधला ‘द’ आपोआप ‘र’कडे झुकतो. काही मुलांना ‘ट्र’, ‘ड्र’ या जोडाक्षरांतून तो लवकर सापडतो, म्हणून ‘ट्रक’ आणि ‘ड्रम’ म्हणवून पाहावे.

परदेशस्थ

आम्ही अमेरिकेत राहतो, आणि वैखरी यांनी सांगितलेल्या गोष्टीचा उलटा अनुभव आम्हाला येतो आहे. शाळेतल्या तज्ज्ञ बाई माझ्या मुलाच्या ‘र’ला दोष मानत होत्या, कारण तो ‘रेड’ म्हणताना मराठी टिचकीचा ‘र’ वापरत होता. मी त्यांना घरी बोलल्या जाणाऱ्या ध्वनींची यादी लिहून दिली आणि आजीआजोबांशी चाललेल्या त्याच्या गप्पांचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तेव्हा त्यांनी तो दोष नसून दुसऱ्या भाषेचा प्रभाव आहे, अशी नोंद केली. परदेशातील मराठी पालकांना माझी विनंती आहे की मूल्यमापनाच्या वेळी हे आपणहून सांगावे. ‘मग घरी इंग्रजीच बोला’ असा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नये. दोन भाषा ऐकल्याने उच्चारदोष निर्माण होत नाही, हे त्याच बाईंनी आम्हाला नंतर स्वतः समजावून सांगितले.

वाक्साधना

निशिगंध ताई, आजीला दाखवायला मुलगी धावत गेली हे वाचून फार बरे वाटले. बोट काढल्यावर ‘त’ येणे अगदी स्वाभाविक आहे. बोटाचा आधार एकदम काढू नका. आधी बोट ठेवून ‘आक्’, मग बोट फक्त ओठाजवळ आणून, मग नुसते बोटाने दाखवून, अशा पायऱ्यांनी तो कमी करा. दहांपैकी आठ वेळा बरोबर येईपर्यंत पुढची पायरी घेऊ नये. वैखरी म्हणतात त्याप्रमाणे ‘ण’ मध्ये घ्यायला माझीही हरकत नाही. ‘भेंडी’ स्पष्ट येत असेल तर तो तिला लवकर यश देईल, आणि या टप्प्यावर तिला यशाची गरज आहे.

श्लोकांबद्दल. दिवेलागणीची ती वेळ आजी-नातीची आहे, ती बंद करू नका. मात्र त्यातून उच्चार सुधारेल, ही अपेक्षा सध्या ठेवू नये. पाठ झालेल्या ओळी मूल एका लयीत भरभर म्हणते आणि प्रत्येक शब्द जुन्याच वळणाने बाहेर येतो. नवा ‘क’ वाक्यात स्थिर झाला की तेच श्लोक सावकाश म्हणवून घेणे हा उत्तम सराव ठरेल. तोपर्यंत तिथे दुरुस्ती नको. आजींना खरोखर हातभार लावायचा असेल तर चित्रांचा खेळ त्यांच्याकडे द्या. आपल्यापेक्षा त्यांच्याकडे सवड आणि धीर जास्त असेल, आणि ‘नात’ म्हटले की चित्र उचलण्याचा हक्कही त्यांचाच आहे.

आणखी एक करा. तिला एखादे चित्र दाखवून त्याबद्दल बोलायला सांगा आणि ते मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. महिन्याने त्याच चित्राबद्दल पुन्हा. रोज ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही, पण दोन मुद्रणे लागोपाठ ऐकली की ‘क’ कोणत्या शब्दांत बसला आणि कोणत्यांत अजून निसटतो, हे स्पष्ट कळते. तज्ज्ञांकडे जाल तेव्हा ही मुद्रणे सोबत न्या. नव्या जागी मूल अनेकदा बोलतच नाही, आणि मग पहिली भेट नुसती ओळख होण्यातच जाते.

निशिगंध

‘भेंडी’ आणि ‘घंटा’ दोन्ही स्पष्ट येतात, आत्ताच म्हणवून पाहिले. ‘भेण्’पाशी थांबायला तिला जमले, ‘आ’ जोडताना अजून ‘ना’च होतो. मूल्यमापनासाठी पुढच्या आठवड्यातील वेळ मिळाली आहे. आजचे पहिले मुद्रण केले आहे, ते सोबत नेईन. तिथे जे सांगतील ते इथे नक्की लिहीन.